कामावरून आडनाव: मूलच्या फडणवीसांपासून पोलंडच्या बार्तनिकांपर्यंत

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना वाटेत मूल लागतं. धानाच्या बांध्या, राइस मिला, मागे जंगल, असं हे झाडीपट्टीतलं तालुक्याचं गाव. या गावाशी जोडलेलं एक आडनाव आज महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, ते म्हणजे फडणवीस. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं घराणं मूळचं इथलं. शोभाताई फडणवीस याच घरातल्या. त्या सावलीच्या आमदार होत्या आणि १९९५ च्या युती सरकारात मंत्री. नाव एवढं कानावर पडतं, तरी या आडनावाची कुटुंबं मोजायला बसलात तर फार निघणार नाहीत. पाटील, देशमुख, कुळकर्णी गावोगाव सापडतात. फडणवीस मात्र मोजकेच.

हे असं का, हा प्रश्न एका घराण्यापुरता नाही. कामावरून पडलेली आडनावं जगभर आहेत. काही ठिकाणी ती लाखांनी आहेत, काही ठिकाणी दुर्मीळ, आणि काही मुलखांत कामं असंख्य असूनही त्यांची आडनावं जवळजवळ पडलीच नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगलपट्टा हा या तिसऱ्या प्रकारचा मुलूख आहे. म्हणूनच या प्रश्नाचा आढावा इथून घ्यावा असं मला वाटतं.

आधी जरा लांब जाऊन येऊ. स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या देशांत कामाची आडनावं सर्वांत ठळक दिसतात. पोलंडमध्ये संख्येने दुसऱ्या क्रमांकावर असलेलं कोवाल्स्की हे आडनाव लोहारावरून आलं आहे. युक्रेनमधलं कोवालेन्को, रशियातलं कुझनेत्सोव, सर्बिया-क्रोएशियातलं कोवाचेविच हे सगळे लोहाराचेच वंशज. युक्रेनमध्ये मेल्निक, म्हणजे पाणचक्कीवर पीठ दळणारा, हे सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. तिथला थोर कवी तारास शेवचेन्को याच्या आडनावात चांभार आहे, तर बोंदारेन्कोमध्ये लाकडी पिंपं बांधणारा. ही नावं मुबलक असण्याचं कारण उघड आहे. लोहार आणि चक्कीवाला प्रत्येक खेड्याला लागत होता. शंभर खेड्यांत शंभर लोहार होते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्या शंभर घरांना एकच नाव स्वतंत्रपणे पडलं.

दुर्मीळ नावांची गोष्ट वेगळी. पोलिश बार्तनिक आणि रशियन बोर्तनिकोव ही आडनावं जंगलातल्या मधपाळाची. हा माणूस पेट्या ठेवून मधमाश्या पाळत नसे. उंच झाडाच्या खोडात ढोली कोरून त्यात तो माश्यांना घर करून द्यायचा, दोराने वर चढून मध काढायचा आणि झाड आपलं आहे हे कळावं म्हणून बुंध्यावर कुऱ्हाडीने आपली खूण कोरायचा. प्रत्येक घराण्याची खूण निराळी. जमीनदाराला किंवा मठाला मधाचा वाटा द्यावा लागे, म्हणून कोणाची झाडं किती याची नोंद राहायची. पोलंड आणि बेलारूसची ही परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्याच जंगलांतून डांबर काढणाऱ्याचं स्मोलार आणि कोळसा पाडणाऱ्याचं वेंग्लार्श ही आडनावं आली. जिथे असं जंगल होतं तिथेच ती उपजली, म्हणून लोहारापुढे त्यांची संख्या नगण्य राहिली.

तिकडे कारकुनाचंही आडनाव आहे. पिसार म्हणजे लेखनिक. त्यावरून पिसारेक, पिसारेन्को, पिसारेव. एकोणिसाव्या शतकातला रशियन समीक्षक दिमित्री पिसारेव या नावाचा. लोहारापेक्षा लेखनिक नेहमीच थोडे असणार, कारण लेखनिक खेड्याला नाही, कचेरीला लागतो. आपल्या फडणवीसांचं नातं जोडायचं तर ते या पिसारांशी.

आता आपल्याकडे. फडणवीस हा मूळचा हुद्दा. नाव फारसीतून आलं. लिहिणारा तो नवीस, आणि ज्या फर्दांवर, म्हणजे सुट्या कागदांवर, हिशेब लिहिला जाई ते त्याचं क्षेत्र. मराठी राज्यात प्रत्येक खात्याचा जमाखर्च शेवटी फडणविसाच्या दप्तरात यायचा. सनदा आणि हुकूम त्याच्याकडे नोंदल्याशिवाय पुढे जात नसत. सकाळी रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी, वर्षाअखेरीला ताळेबंद. सगळं बोरूने आणि मोडीत. लिहून झालेले कागद कापडी रुमालात बांधायचे. हिशेबात कोणी गफलत केली तर ती पहिल्यांदा याच्याच नजरेला पडायची. पेशवाईत सुभ्यावर आणि किल्ल्यावर असे दरकदार नेमलेले असत: मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस. सुभेदार किंवा मामलेदार बदलला तरी दरकदार बदलत नसे. त्याचा हक्क वंशपरंपरेचा होता आणि मामलेदाराला त्याला परस्पर काढता येत नसे. वरिष्ठावर लक्ष ठेवायला ठेवलेला माणूस वरिष्ठाच्या मर्जीवर ठेवून कसा चालेल? ही फार शहाणी व्यवस्था होती असं माझं मत आहे, आणि आडनावं टिकली ती या व्यवस्थेमुळे. बापाचा हुद्दा मुलाकडे, मुलाचा नातवाकडे गेला की तीन पिढ्यांत हुद्दा हेच घराण्याचं नाव होऊन बसतं.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नाना फडणवीसांचं. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. घराण्याचं आडनाव भानू, गाव कोकणातलं वेळास. आजोबा बाळाजी महादेव भानू हे पहिल्या पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथेच मारले गेले. त्यानंतर फडणिशी या घराण्यात राहिली आणि भानू हे आडनाव मागे पडलं. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचंही तसंच. त्यांचं मूळ आडनाव चित्रे, पण वंशज चिटणीस म्हणून ओळखले गेले. म्हणजे या आडनावांच्या पोटात आणखी एक आडनाव दडलेलं असतं. म्हणून दोन फडणवीस भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. एकाच हुद्द्यावर वेगवेगळ्या दरबारांत वेगवेगळ्या कुळांची, वेगवेगळ्या जातींचीही माणसं होती.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी या फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं देण्यात आली. राज्यव्यवहारकोश त्यासाठीच तयार झाला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत झाला. पण आज मुजुमदार, सबनीस, डबीर ही आडनावं जितक्या सहज सापडतात तितके अमात्य आणि सुमंत सापडत नाहीत. अष्टप्रधानांतल्या जागा आठच होत्या. मुजुमदार आणि सबनीस मात्र किल्ल्याकिल्ल्यावर होते. इथेही पोलंडच्या लोहाराचाच हिशेब लागू पडतो. ज्या कामाच्या जागा जास्त, त्याचं आडनाव जास्त.

विदर्भाची एक खासियत इथे सांगायला हवी. पुणे, सातारा, कोल्हापूर, बडोद्याकडे ही नावं घासून नीस झाली: फडणीस, चिटणीस, पारसनीस, कोटनीस. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस किंवा सोलापूरहून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटनीस ही ओळखीची नावं. नागपूरकडे मात्र जुनं रूप अधिक राहिलं. मध्य प्रांताच्या विधिमंडळाचे पहिले अध्यक्ष सर गंगाधरराव हे नागपूरचे चिटणवीस, आणि मूलचं घराणं फडणवीस. हा काटेकोर नियम नव्हे, सरमिसळ दोन्हीकडे आहे, पण कल स्पष्ट आहे. बंगालमध्येही हाच नवीस वेगळ्या उच्चाराने राहिला. भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं आडनाव म्हणजे आपल्या पद्धतीने महालनवीस. नोंदी ठेवणाऱ्याच्या वंशात जन्मलेल्या माणसाने देशाला संख्याशास्त्र शिकवावं, हा योगायोग मला फार आवडतो.

जंगलपट्ट्यात हे नवीस, देशपांडे, देशमुख येण्याला तारीख आहे. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, गोंड राज्य १७५१ च्या सुमारास नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात गेलं. नागपूरकरांचा अंमल बसला तसं मोडी दप्तर बसलं, आणि दप्तराबरोबर दप्तराची माणसं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. हुद्दे गेले, नावं राहिली. भोसल्यांचा अंमल इथे जेमतेम शंभर वर्षं होता आणि जंगलाने व्यापलेल्या या भागात कचेऱ्या थोड्या. म्हणून हुद्द्यांची आडनावंही थोडी. पुणे प्रांतात फडणिसांची घरं जास्त आणि चांद्यात कमी, यात नवल काहीच नाही.

या जिल्ह्याच्या आडनावांत खरं प्राबल्य आहे ते 'वार' या शेवटाचं. मुनगंटीवार, वडेट्टीवार, गड्डमवार, कन्नमवार, मामिडवार, चिंतलवार. बाहेरच्या माणसाला वाटतं की शेवट एक म्हणजे जात एक. तसं नाही. कोमटी, बेलदार, पद्मशाली अशा कितीतरी समाजांत ही नावं आहेत. हा 'वार' तेलुगूतल्या 'वारु'चा, म्हणजे अमक्या घरचे लोक. ही माणसं प्राणहिता-गोदावरीपलीकडून व्यापारासाठी, दगडकामासाठी, विणकामासाठी आली, आणि त्यांचं तेलुगू घरनाव मराठी मुलखात पाटीसारखं दारावर राहिलं. आत पाहिलं तर बहुतेक घरनावं गावांची, झाडांची किंवा एखाद्या पूर्वजाच्या लकबीची निघतात. मामिडि म्हणजे आंबा, चिंत म्हणजे चिंच, गड्डम म्हणजे दाढी. धंदा यांत जवळपास नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या कोमट्याला गाव सावकार म्हणून हाक मारतं, पण त्याच्या आडनावात सावकारी नसते. १९६२ मध्ये मुख्यमंत्री झालेले आणि त्याच पदावर असताना २४ नोव्हेंबर १९६३ रोजी वारलेले मा. सां. कन्नमवार हे याच 'वार' परंपरेतले. म्हणजे या जिल्ह्याशी नातं असलेले दोन मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या दोन आडनावांत जिल्ह्याचा अर्धा इतिहास आला: एकात भोसल्यांचं दप्तर, दुसऱ्यात तेलंगणाची वाट.

उरलेला अर्धा इतिहास गोंडांचा, आणि तो सर्वांत जुना. मडावी, आत्राम, कुमरे, गेडाम, सिडाम, कोडापे, उईके, पेंदाम, शेडमाके. ही कुळनावं आहेत. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची मांडणी असते. सारख्या संख्येच्या देवांच्या कुळांत लग्न होत नाही. म्हणजे आडनाव कळलं की सोयरीक जुळते की नाही हे तिथल्या तिथे समजतं. धंदा सांगण्याची त्या नावाला गरजच नव्हती. अहेरीच्या जमीनदारीचे मालक आत्राम होते आणि त्यांच्याच मुलखात नांगर धरणारेही आत्राम होते. १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेले मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्या आडनावात जमीनदारीचा मागमूस नाही. युरोपातल्या सरदारांची नावं त्यांच्या जहागिरीवरून पडली. इथे राजा, जमीनदार आणि कुळवाडी एकाच नावाचे राहिले. मला यात गोंड समाजाचं फार मोठं वैशिष्ट्य दिसतं, आणि आपल्या इतिहासलेखनात त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

मग प्रश्न उरतो जंगलातल्या कामांचा. पोलंडच्या जंगलाने बार्तनिक दिला, स्मोलार दिला. आपल्या जंगलात काय कमी कामं होती? ढिवर मासेमारीबरोबर कोसा पाळत, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे सोडून राखण करत. आरमोरीचं कोसा कापड अजून नावाजलं जातं. कोहळी तलाव बांधत. आज ज्यांना आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांतल्या कितीतरी तलावांची पाळ आणि उतार कोहळ्यांच्या नजरेने ठरले. लोखंडाचा दगड गाळून लोखंड काढणारे होते. मध, लाख, डिंक, मोह गोळा करणारे तर गावोगाव. यांपैकी एकाही कामाचं ठसठशीत आडनाव झालं नाही. कामाचं नाव माणसाला न चिकटता दुसरीकडे चिकटलं. कधी जमिनीला: गोंड राजे तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन देत, त्या दानाला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहरातली तुकूम वस्ती आजही ते नाव सांभाळून आहे. कधी गावाला, जसं लोहारा. आणि सगळ्यांत जास्त वेळा जातीला.

या सगळ्या आढाव्यातून मला जे सांगायचं आहे ते इथे येतं. स्लाव्ह खेड्यात आडनाव जे काम करत होतं, ते आपल्याकडे जात करत होती. ढिवर म्हटलं की धंदा कळला, कोष्टी म्हटलं की कळला, मग आडनावात तोच धंदा पुन्हा कशाला सांगायचा? म्हणून आपल्याकडे कामाची खरी आडनावं मुख्यतः तिथेच पडली जिथे काम जातीवरून कळत नव्हतं, म्हणजे हुद्द्यांची. पाटील कुणबी असेल, मराठा असेल, माळी, तेली, लिंगायतही असेल. देशमुख कुठल्याही समाजाचा असेल. फडणवीस ब्राह्मण असेल किंवा कायस्थ. जात पुरेशी बोलत नव्हती, म्हणून हुद्दा बोलू लागला.

याचा ताळा वाढई या आडनावावरून पाहता येतो. आपल्या भागात सुताराला वाढई म्हणतात. नांगर, वखर, बंडी, रेंगी तोच घडवायचा आणि खळ्यावर धानाचं बलुतं न्यायचा. पण वाढई हे आडनाव मूल-सावलीकडे माळी समाजातही आढळतं. कुंभारे आडनावही विदर्भात कुंभारांपुरतं नाही. ज्याची जात सुतार, त्याला वाढई हे आडनाव काही नवीन सांगत नाही. ज्याच्या घरात कोणी एकाने कधीकाळी सुतारकाम केलं आणि बाकीचे शेतीच करत राहिले, त्या घराला मात्र ते नाव ओळख म्हणून उपयोगी पडलं असणार.

नावं पक्की झाली ती फार उशिरा. रशियात भूदास १८६१ मध्ये मोकळे झाले आणि त्यानंतरच लाखो शेतकऱ्यांच्या घराला कायमचं आडनाव मिळालं. आपल्याकडेही योगायोगाने काळ तोच. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमिनीचा बंदोबस्त झाला, मालगुजारांची नावं कागदावर आली. चांदा जिल्ह्याचा लुसी स्मिथ यांचा बंदोबस्त अहवाल १८६९ चा. पण साध्या रयतेचं आडनाव त्यानंतरही पुष्कळ काळ कागदावर आलं नाही. जन्म-मृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. कोतवाल पंजीतली ओळ साधारण अशी असते: सोमा वल्द लच्चू, जात ढिवर, मौजा अमुक. माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. आडनावाचा रकाना भरलेला सापडेल याचा भरवसा नाही. ते पहिल्यांदा येतं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि ते गुरुजींनी ऐकलं तसं उतरलेलं असतं. एका भावाचं आडनाव कुळावरून, दुसऱ्याचं गावावरून आणि तिसऱ्याचं जातीवरून लागलेलं मी पाहिलं आहे. तिघं सख्खे भाऊ.

पुढे याची किंमत नातवंडं मोजतात. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. त्या कागदात आडनाव नसतं किंवा वेगळं असतं, आणि मग वंशावळ जुळवता जुळवता पोरांचे प्रवेश आणि नोकऱ्या लटकतात. आडनावांचा अभ्यास ही रिकामपणची हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पडताळणी समितीच्या दारातली रांग पाहावी.

कोणतं आडनाव किती पसरलं आहे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अंदाजानेच सोडवावा लागतो. पोलंडचं सरकार नागरिक नोंदणीवरून कोणत्या आडनावाची किती माणसं आहेत याची यादी दरवर्षी खुली करतं. आपली जनगणना आडनावांचे आकडे प्रसिद्ध करत नाही. मतदार याद्या आहेत, पण त्यांत एकाच आडनावाची इंग्रजी आणि मराठी रूपं निरनिराळी. फडणवीस, फडनवीस, फडणीस यांना एक धरायचं की तीन, हे मोजणाऱ्यालाच ठरवावं लागतं. माझा कौल असा की फडणवीस आणि फडणीस निराळे मोजावेत, कारण त्या फरकात प्रदेश दिसतो; 'न' आणि 'ण' मात्र एक धरावेत, तो कारकुनाच्या हाताचा फरक आहे.

मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी, आरमोरी, अहेरीकडच्या कुटुंबांना एक विनंती. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर कुळ कोणतं, देव किती, आजाचं गाव कोणतं, आणि आजच्या आडनावाआधी घराला कोणत्या नावाने हाक मारत, एवढं वहीत उतरवून घ्या. तहसील कार्यालयात अर्ज करून कोतवाल पंजी, बंदोबस्ताची मिसल आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख यांच्या नकला काढा. शाळेतून दाखल-खारीजचा उतारा घ्या. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, रद्दीत घालू नका. आणि मुलाचं नाव शाळेत घालताना आडनाव बदलायचं ठरवलंच, तर जुन्या नावाचा कागद त्याच फायलीत जपून ठेवा.